चिमणीचा छाप कोणाचा

मी, एर्नेस्ट हाउसली, वय एकोणऐंशी, धंदा कात्र्या घडवण्याचा, राहणार वॉकली, शेफील्ड, हे माझ्या मर्जीनं आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय. गुडघ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणीतरी असावं लागतं.

१. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. विशेषतः नऊ वर्षांपूर्वीचं, ज्यात माझी एकुलती एक मुलगी लॉरेन हिला "छदामही मिळू नये" असं मी लिहिलं होतं. ते रागात लिहिलं होतं. अक्षर बघा, कसं कोंबडीच्या पायांसारखं आलंय.

२. माझ्यामागं सगळी व्यवस्था शेजारीण विनिफ्रेड ब्रॅमॉल हिनं पाहावी. डोरीनची, म्हणजे माझ्या दिवंगत बायकोची, निळी किटली विनीला द्यायचं मनात होतं. पण इथल्या कायद्यानं साक्षीदाराला काही देता येत नाही, दिलं तर ते देणं फुकट जातं. मी विनीला म्हटलं, "तू किटली घे, सहीला दुसरं कोणीतरी बघतो."

ती म्हणाली, "दुसरं कोण बघणार, एर्नेस्ट? तुमच्या दारात मी आणि पोस्टमन सोडून येतंय कोण? राहू दे ती किटली. सही करते मी."

तेव्हा किटली लॉरेनला जावी. तिनं पुढं ती विनीला दिली तर माझी ना नाही.

३. घर आणि बँकेत जे असेल ते लॉरेनला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते, खालच्या कोपऱ्यात बुक्की मारली की उघडते. रविवारी मी अजून दोन माणसांपुरता मटणाचा रोस्ट करतो आणि सोमवारी, मंगळवारी तोच खातो. ही सवय वारशात घेऊ नये.

४. दुसरा साक्षीदार डेरेक शर्टक्लिफ. तोही साक्षीदार, म्हणून त्यालाही काही देता येत नाही. सबब माझा छोटा हातोडा, जो तो "दोन दिवसांसाठी" म्हणून सहा वर्षांपूर्वी घेऊन गेला, तो कायद्यानं त्याच्याकडं राहू शकत नाही. परत आणून द्यावा.

५. आता चिमणीच्या छापाबद्दल. त्याच्यासाठीच हा सगळा कागद.

माझ्या प्रत्येक कात्रीवर शेपटी वर केलेली चिमणी ठोकलेली असते. छाप माझ्या नावावर रीतसर नोंदलेला आहे. लॉरेन माझ्याजवळ अकरा वर्षं काम शिकली. ती डावखुरी. डावखुऱ्यांसाठी कात्र्या करू या म्हणून माझ्यामागं लागली. मी म्हटलं, "उजव्या हाताची गिऱ्हाइकं मेली का सगळी?" ती म्हणाली, "डॅड, मी तुमच्या कात्रीनं कापते तेव्हा माझा अंगठा सोलून निघतो. अकरा वर्षांत एकदा तरी पाहिलात?" नव्हता पाहिला. ती गेली, नदीपलीकडं तिनं आपलं दुकान थाटलं आणि आपल्या कात्र्यांवर चिमणी ठोकू लागली.

माझं डोकं फिरलं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाणपण त्या वर्षी मुक्कामाला नव्हतं. सॉलिसिटर, म्हणजे कागदपत्रं बघणारा वकील, मध्ये घातला तर दोघांची फी, म्हणून मी थेट बॅरिस्टर लावली, मिस प्रिचर्ड. लहान धंद्यांची छापाबिपाची कामं ती अशी थेट घेत असे. बाई चोख. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मिस्टर हाउसली, मी मसुदा लिहून देईन. टाइप तुम्ही करायचं, सही तुमची, टपालात तुम्हीच टाकायचं. पत्र माझ्याकडून जात नाही, तुमच्याकडून जातं. समजलं ना?"

"समजलं."

"मग आधी मुलीला फोन करून बघा."

"फोन करायचा असता तर बॅरिस्टर कशाला लावली असती?"

तिनं प्रश्नांची यादी दिली. चौथा प्रश्न: छापाचं चित्र मूळ कोणी काढलं? मी लिहिलं, "आमच्या कार्यशाळेत तयार झालं."

ते खोटं होतं. चित्र लॉरेननं काढलं. सात वर्षांची होती, साखरेच्या निळ्या कागदी पिशवीवर, स्वयंपाकघरात बसून. डाव्या हातानं काढलं म्हणून चोच उजवीकडं. मी काढली असती तर डावीकडं झाली असती. चित्र ज्याचं, त्याचा हक्क माझ्या नोंदणीच्याही आधीचा, हे मला यादीखालची टीप वाचून कळलं होतं. तरी मी तेच उत्तर ठेवलं.

मसुदा आला. मायन्याची जागा मिस प्रिचर्डनं मोकळी सोडली होती. समासात लिहिलं होतं, "मुलीला जशी हाक मारता तसं इथं लिहा." मी लिहिलं, "मिस हाउसली यांस." खाली "चौदा दिवसांत वापर बंद न केल्यास" वगैरे, आणि "आपला विश्वासू". सही केली, पेटीत टाकलं. वकिलाचं पत्र आलं असतं तर तिनं वकिलाला शिव्या घातल्या असत्या. हे बापाचं आलं.

पत्राला जोडलेला, छाप वापरणार नाही अशा कबुलीचा कागद चौथ्या दिवशी तिची सही होऊन परत आला. सोबत एक ओळही नाही. "चित्र माझं आहे" एवढे तीन शब्द लिहिले असते तर मी तोंडावर आपटलो असतो, आणि तिला ते ठाऊक होतं. तिनं का लिहिले नाहीत, याचा विचार मी नऊ वर्षं करतोय. आता तिच्या कात्र्यांवर नुसतं एक अक्षर असतं. मी जिंकलो. त्या विजयाचा चहा मी एकट्यानं प्यालो, आणि रडलो.

सबब: छाप, त्याची नोंद, पोलादी ठसा आणि साखरेची पिशवी लॉरेनची. मी देत नाही. जे तिचंच होतं ते परत करतो.

६. ~~कपाटात फडक्यात गुंडाळलेली डावखुरी कात्री आहे, मी घडवलेली एकमेव. अंगठ्याची कडी चार वेळा घासलीय. तिच्यावर छाप नाही, तो ठोकायचा हक्क माझा नाही. माझ्या मृत्यूनंतर ती लॉरेनला द्यावी.~~

सह्यांपूर्वीची दुरुस्ती: विनीनं कलम सहा वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाली, "तुमच्या मृत्यूनंतर? आणि अंगठा बसतो की नाही, हे ती सांगणार कोणाला?"

म्हणून कलम सहा मी साक्षीदारांदेखत खोडलं आहे. कात्री, ठसा आणि पिशवी आज सकाळी पार्सल केली. चिठ्ठी मीच लिहिली, सही मीच केली, टपालात मीच टाकली. मायना: "लॉरेन, बाळा."

एर्नेस्ट हाउसली

आम्हा दोघांसमक्ष सही झाली, आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
विनिफ्रेड ब्रॅमॉल
डेरेक शर्टक्लिफ (हातोडा आणला आहे)

वॉकली, शेफील्ड
१४ नोव्हेंबर २०२३