शॉवरवरून गायब झालेला फिल्टर

अहो माशांचे बाबा,

शॉवरचा फिल्टर काढून फिश टँक भरायच्या नळाला तुम्हीच लावलात ना? मी दिवसभर पोरांना पोहायला शिकवते, तलावातल्या क्लोरीनमध्ये भिजते. घरी आल्यावर तेवढी एक बिनक्लोरीनची अंघोळ मिळायची, तीही तुमच्या डोळ्यांत खुपली! आठवडाभर मी अंग खाजवतेय आणि तुम्ही खुशाल म्हणताय, ‘साबण बदल.’

तुमचा सोनेरी मासा नळाच्या क्लोरीनने मेला तेव्हा दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही तुमच्या. माझे गळलेले केस रोज उशीवरून झटकून टाकता, तेव्हा काहीच कसं वाटत नाही?

मी ताईकडे चाललेय, अंघोळीला. कधी येईन ते सांगत नाही. माशांना खायला घातलंय. त्यांचा काय दोष?