पांढरी राहिलेली बाटली

बा, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावरचा माझा राग काही जात नाही. पाण्यातली हवा मोजायला आता सेन्सर निघालाय. नातवानं परवा आणून दाखवला. तलावात सोडायच्या आधी तो ओल्या हवेत धरून खरा करून घ्यावा लागतो, म्हणाला. मला हसूच आलं. हेच तर तू भर पंचायतीत माझ्याकडून करून घेतलं होतंस!

तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, आणि मी मच्छी खात्यात नवाच लागलो होतो. एका सकाळी आपल्या तलावात मासे उलटे होऊन तरंगले. शेजारची विधवा मावशी आदल्या दिवशी तलावाकाठी हिंगणाच्या फळांनी कपडे धूत होती, आणि हिंगणानं मासे मरतात हे पोरंसोरंही जाणतात. झालं! तिच्या घराला तलाव बंद, जाळं टाकू द्यायचं नाही, असं पंच बोलू लागले. मुख्य पंच तूच. तिची चूल त्या पाण्यावरच पेटत होती, हे तुला काय ठाऊक नव्हतं?

मी पंचांसमोर बसलो आहे. काठाचं पाणी बाटलीत भरतो, एकही बुडबुडा राहू देत नाही, तपासणीची औषधं सोडतो. पाण्यात हवा असली की तळाशी तपकिरी गाळ बसतो, नसली की पांढरा. पांढराच बसला.

"मासे गुदमरून मेले, बा. हिंगणानं नाई."

"तुयं औषधच मेलं असन," तू ओरडलास. "पयले ते खरं करून दाखव. मंग आमच्या पाण्याले बोल."

काय तुझा आवाज रे! पण बोललास ते बरोबर. मी विहिरीचं पाणी या पितळी गुंडातून त्या गुंडात उंचावरून ओतलं, भरपूर हवा खाऊ दिली, तीच औषधं टाकली. गाळ चांगला तपकिरी झाला. औषध जिवंत होतं. मावशी तोंडात पदर धरून बघते आहे, आणि पुढचा प्रश्न कोणता ते मला कळतंय.

"मंग हवा खाल्ली कोनं?" एका पंचानं विचारलं.

मी कोपऱ्यातल्या उथळ पाण्याकडे बोट केलं. जाळ्याच्या सुतळीसाठी भिजत घातलेला सण, म्हणजे ताग, तिथं कुजत होता. कुजणारा सण पाण्यातली हवा ओढून घेतो. दरवर्षी आपण तो सांडव्याच्या वाहत्या पाण्यात घालायचो. त्या साली सांडवा वाहिलाच नाही, म्हणून तू पेंढ्या माशांच्याच पाण्यात दाबल्या होत्यास.

तू उठलास. कमरेइतक्या पाण्यात उतरून एकट्यानं सगळ्या पेंढ्या ओढून काढल्यास. मग मावशीला म्हणालास, "तलाव तुयाच आहे, बाई. आता बंद माह्या घराले." पंचांनी नको नको म्हटलं, तरी तू ऐकलं नाहीस. त्या मोसमात आई मूल गावच्या राईस मिलमध्ये मजुरीला गेली.

मला मात्र त्याबद्दल कधी एक शब्द नाही. शिवी नाही, शाबासकी नाही. जेवलास का, बस मिळाली का, एवढंच. तुला माझा राग आला होता, की स्वतःची लाज वाटली होती? हा कागद टपालात टाकायचा नाहीच आहे, म्हणून लिहितो. विचारायची हिंमत मला तू गेल्यावरच झाली, बा.