बर्फावर न्यायची थैली

८ जाने. २०००

माफ कर डायरीबाई, उशीर झाला. वैजूने, म्हणजे माझ्या नातीने, कंपनीतून ही डायरी आणून दिली तेव्हा बजावलं होतं, आजोबा रोज दोन ओळी लिहा, मनातली धास्ती कागदावर उतरेल आणि आमचं डोकं खाणं थांबेल. आठवडा कोराच गेला. उर्दू शाळेत पाचवीपर्यंत शिकलेला माणूस मी, मराठी नुसती घरात बोलायची. लिहायचं तरी काय.

आज कारण झालं. जेवताना वै. म्हणाली, फेब्रुवारीत मनालीच्या वर जाणार, कंपनीतल्या चौघांबरोबर. बर्फात, पायाला लांब फळ्या बांधून. मला वाटलं, टीव्हीवर दाखवतात तसं तारेवरच्या पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. तसं नाही. ह्यांचं पाळण्याशिवायचं. फळीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवायची म्हणजे मागे घसरत नाही. आपल्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्टी काढायची, कोऱ्या बर्फावरून खाली. जिथे माणूस नाही तिथे.

माणूस नाही तिथे काय काम, विचारलं.

"तेच काम आहे," म्हणाली.



१० जाने.

सूनबाईला म्हटलं, तू आई आहेस, तू बोल. ती म्हणाली, मामंजी, तिच्या बाबांनी नांदेडहून फोनवर हो म्हणून टाकलंय, आता माझं कोण ऐकतं. अनिलला, माझ्या मुलाला, लहानपणी मुसी नदीच्या पुलावर मी हात सोडू दिला नाही. तो हो म्हणाला.

१३ जाने.

करीमभाई आले होते. मलकपेठच्या गंजात, धान्याच्या बाजारात, दोघांचा जन्म गेला, ते हमालांचे मुकादम, मी धान्याचा तोलार. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "क्या मियाँ, पोट्टी बरफ पो जारी, और तुम यहाँ बैठ के पिघल रैं." सूनबाई आत हसली. निघताना मात्र चपला घालता घालता हळूच विचारलं, बर्फ अंगावर कोसळतो म्हणतात ते खरं का. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वै.ला विचारलं. लपवलं नाही तिने. उतारावरचा थर कधी कधी सुटतो, म्हणाली. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर फावडं आणि एक घडीची सळई, छातीशी ठिकाण कळवणारं एक यंत्र.

सळई कशाला?

खाली गाडलेला माणूस टोचून शोधायला.



१७ जाने.

आता थैलीचं चाललंय. फळ्या, बूट तिकडे भाड्याने मिळतात. थैली मात्र आपल्या पाठीला बसणारी आपलीच हवी म्हणते. तिच्याबरोबर जामबागेच्या बाजूला दोन दुकानं हिंडलो. पहिल्याकडे शाळेची दप्तरं. दुसऱ्याने माळ्यावरून एक धूड काढलं, म्हणाला, "बेटा, इसमें गॅस का सिलिंडर भी जाता." मला आवडली. वै.ने विचारलं फळ्या कुठे बांधायच्या, फावड्याला वेगळा कप्पा आहे का, कमरेचा पट्टा कुठे आहे. तो माझ्याकडे बघायला लागला, जसं काही मीच तिला शिकवून आणलं होतं.

घरी येताना रिक्षात म्हटलं, थैली मिळाली नाही तर राहू दे की यंदा. ती दुकानांच्या पाट्या बघत राहिली. वाऱ्याने ऐकू गेलं नसेल.

२१ जाने.

घरात दोन थैल्या आल्या, बघायला. एक तिच्या मैत्रिणीच्या भावाची, जाड कॅनव्हासची, आत लोखंडी चौकट. दुसरी कंपनीतल्या एकाने अमेरिकेहून आणलेली, त्याला आता नको आहे. करड्या रंगाची. कापड छत्रीचं असावं तसं. उजेडासमोर धरली तर माझी बोटं पलीकडून दिसली. हातात घेतली तर मांजर उचलल्यासारखं वाटलं, त्यातही उपाशी मांजर.

मी म्हटलं, गंजात पोतं घ्यायचं तर आधी चिमटीत धरून बघतात. हे कापड नाही, ही कांद्याची साल आहे.

"आजोबा, पोतं घसरत नाही. मी घसरणार आहे."

मग नीट समजावलं. चढताना प्रत्येक पावलाला पाठीवरचं वजन उचलावं लागतं. उतरताना वळायचं असतं, तेव्हा जड थैली वळत नाही, ती सरळ जाऊ बघते आणि माणसाला बरोबर ओढते. ऐकलं सगळं. समजलंही. पण पातळ कापडाची धास्ती समजून जात नाही. आणि रंग. करडी. लाल तरी असती तर बर्फात दिसली असती. हे बोललो नाही, सूनबाई समोर होती.

२३ जाने. रवि.

वै.ने गच्चीच्या जिन्यावर परीक्षा घेतली. दोन्हीत सारखंच भरलं, पाण्याच्या बाटल्या, तांदळाच्या पुड्या, एक रजई. फळ्यांऐवजी मच्छरदाणीचे बांबू बांधले. खालच्या घरातली मुलं बघायला जमली. आधी कॅनव्हासची घेऊन वर गेली आणि भराभर उतरत आली. मधल्या वळणावर ती वळली, थैली नाही वळली. खांदा भिंतीवर आपटला. सूनबाईने हातातली परात तशीच खाली ठेवली. मग करडी घेऊन गेली. कमरेला पट्टा आवळलेला. वळली तर थैलीही तिच्या पाठीसारखीच वळली. बांबूसुद्धा हलले नाहीत.

तरी मी म्हटलं, कॅनव्हासचीच घे, इथे भिंत आहे, तिथे बर्फ मऊ असतो.

हसली सगळी. मी हसण्यासारखं बोललो नव्हतो.

करडी ठरली. सूनबाईने जुन्या लाल परकराची पट्टी काढून वरच्या कडीला बांधली. मी बोललो नव्हतो, तरी.

२९ जाने.

थैली आता आपली झाली. वै.च्या खोलीत जागा नाही म्हणून माझ्या खुंटीवर. आमच्या गंजात नवं पोतं रिकामं टांगत नसत, मूठभर धान्य टाकून मगच. रिकामं पोतं उपास मागतं म्हणायचे. थैलीच्या तळच्या कप्प्यात मूठभर ज्वारी आणि एक सुपारी टाकली. वै.ला सांगितलं नाही, थट्टा झाली असती. निघायच्या आदल्या दिवशी काढून चिमण्यांना घालीन. मन जरा शांत झालं.

३ फेब्रु.

करीमभाईंनी विचारलं, तिकडे वाघ असतात का. म्हटलं, एवढीच कसर राहिली होती.

६ फेब्रु.

सकाळी उठलो तर खुंटीखाली ज्वारीचे दाणे. थैलीच्या तळाला भोक, दोन बोटं जातील एवढं. कडा कुरतडलेल्या.

उभा जन्म धान्यात गेला. उंदराला काय हवं असतं हे मला कोणी सांगायला हवं होतं? तागाच्या पोत्याला तो दोन रात्री घेतो. ही कांद्याची साल.

आणि पहिल्यांदा मनात काय आलं ते इथेच लिहितो. आलं की, झालं, आता जात नाही ती. पाय हलके झाले. दाणे वेचले, थैली उलटी करून भोक भिंतीकडे केलं आणि अंघोळीला गेलो.

७ फेब्रु.

काल दिवसभर कुणाला बोललो नाही. आज दुपारी पडल्या पडल्या दिसायला लागलं पुढचं. ती थांबायची नाही. तिकिटं झाली आहेत, तिचं तोंड बघतो ना मी. ती कॅनव्हासची मागून नेईल. आणि मग तो जिना. ती वळली, थैली वळली नाही. तिथे भिंतसुद्धा नाही थांबवायला.

उठून बसलो.

वै. कामावरून आली, बूट काढत होती, तेव्हाच सांगितलं. तिने थैली उतरवली, भोकातून बोट घातलं. कप्प्यात हात घालून सुपारी काढली, बघत राहिली. गंजातली रीत सांगितली मी. तिने सुपारी खाटेवर ठेवली. मग हळू आवाजात,

"मुद्दाम केलंत का आजोबा?"

"नाही. पण भोक दिसल्यावर बरं वाटलं मला."

आत गेली. जेवायला आली नाही. सूनबाईने माझं ताट वाढलं आणि आदळलं नाही, ठेवलं. आदळलं असतं तर बरं.

८ फेब्रु.

सकाळी वै. मैत्रिणीला फोन लावत होती, कॅनव्हासची मागायला. मी फोनच्या वायरवर हात ठेवला. म्हटलं, ती नको. तू म्हणालीस तेच खरं, हलकीच हवी. हीच नीट करू.

"आता हलकी हवी तुम्हाला?"

हवी, म्हटलं. फोन ठेवला तिने. अजून सरळ बघत नाही माझ्याकडे, पण ठेवला.

९ फेब्रु.

सुई लावायची नाही म्हणे, प्रत्येक टाक्यातून पाणी शिरतं. अंबरपेठेच्या सायकल दुकानातून ट्यूबचं रबर आणि सोल्युशन आणलं आम्ही. वै.ने स्वतः कापून आतून एक, बाहेरून एक चिकटवलं. दाबायला माझी लोखंडी वजनं काढली खाटेखालून. रात्रभर तशीच.

११ फेब्रु.

थैलीत पाणी भरून मोरीत टांगली. ठिगळातून थेंब नाही. पण सोल्युशन थंडीत सुटलं तर? सायकली काय बर्फात चालतात? वै.ला विचारलं. तिलाही माहीत नव्हतं. मग तिने थैलीची घडी घातली आणि फ्रीजच्या बर्फाच्या खणात कोंबली. एवढीशी होते ती. सूनबाई ऑफिसातून आली, बर्फाचा ट्रे ओट्यावर वितळलेला, खणात थैली. म्हणाली, घरात एक वेडं होतं, आता दोन झाली.

वै. हसली. माझ्याकडे बघून.

१२ फेब्रु.

कडक झालेली थैली काढून वै.ने नखाने उकरून बघितलं. ठिगळ सुटलं नाही. मी पण उकरलं. इतकं उकरू नका, म्हणाली.

१७ फेब्रु.

गेली. करीमभाईंच्या बेगमने वै.च्या दंडाला इमाम जामीन बांधला, प्रवासात राखण करतो म्हणे, हिरव्या फडक्यात रुपया. म्हणाली, सलामत वापस आको खैरात करना. सूनबाईने हातावर दही घातलं. मी काय करायचं राहिलं? सिकंदराबाद स्टेशनवर थैली मी उचलली, हट्टाने. मनात होतं की जड लागावी. नाही लागली. तिने पाठीवर घेतली, पट्टा आवळला आणि गर्दीत शिरली. लाल पट्टी बराच वेळ दिसत होती. मग नाही.

२० फेब्रु.

मनालीहून फोन. आवाज खोल विहिरीतून. थंडी आहे, जेवण बरं आहे, तिकडचा शिकवणारा म्हातारा तुमच्यासारखाच कटकट्या आहे. उद्या वर जातो. वर फोन नाही. गुरुवारी खाली उतरलो की संध्याकाळी करते.

ठिगळ? मी विचारलं. आहे आहे, म्हणाली. पुढचं कापलं गेलं.

२३ फेब्रु.

बातम्यांत दाखवलं, तिकडे दोन दिवस बर्फ पडतोय, रस्ते बंद. गावाचं नाव नीट ऐकू आलं नाही. सूनबाईने टीव्ही बंद केला. मी पुन्हा लावला. तिने पुन्हा बंद केला. भांडलो नाही. दोघंही तिथेच बसलो बंद टीव्हीसमोर.

२४ फेब्रु. गुरु.

संध्याकाळ झाली. फोन नाही.

अनिलचा आला नांदेडहून. वै.चा म्हणून धावलो, गुडघा स्टुलाला लागला. तो म्हणाला बाबा, रस्ता बंद असेल तर उतरणार कशी, वरच थांबली असेल, उलट शहाणपणा आहे. बरोबर आहे त्याचं. बोलताना त्याने दोनदा घसा साफ केला.

२५ फेब्रु.

करीमभाई सकाळपासून येऊन बसलेत. आज थट्टा नाही. चहा थंड झाला त्यांचा. सूनबाई कामावर गेली नाही, डाळ निवडतेय, निवडलेलीच.

फोन चालू आहे का बघायला उचलतो. कानाला लावला की वाटतं, नेमका ह्याच क्षणाला तिचा लागत असेल आणि तिला एंगेज येत असेल, म्हणून ठेवतो. ठेवला की वाटतं, फोनच मेला तर नसेल. करीमभाई म्हणाले, नक्को मियाँ, हात नक्को लगाओ. मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, जरा देखो.

वैजू, तू म्हणालीस लिहिलं की धास्ती उतरते. नाही उतरत. थैली हलकी घेतलीस ते बरं केलंस, मी आता कबूल केलंय, वर कुणी ऐकत असेल तर त्यानेही ऐकावं. वरच थांबली असशील तर थांब, घाई करू नको, वळणावर जपून. पण खाली आलीस की आधी फोन कर पोरी. कपडे बदलू नको, चहा घेऊ नको, आधी फोन. बोलायला काही नसलं तरी चालेल. नुसतं हॅलो म्हण. लवकर म्हण.