भिंतीपलीकडची अनुसयाबाई

करुणा,

मी शेजारच्या अनुसयाबाईले घेऊन वर्ध्याच्या दवाखान्यात चाललो. रूपराव बैलबंडीनं देवळीच्या स्टँडवर सोडून देते, पुढं एसटी.

ती अंगणात पडली हे आपल्याले रविवारीच समजलं होतं. मी रोज संध्याकाळी प्रार्थना केली, "प्रभू, तिच्याकडं कोणाले तरी पाठव." आज तू बाजारात गेल्यावर तिच्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला, म्हणून गेलो. पाय सुजून काळानिळा झाला आहे. पाण्यासाठी ती माठाकडं सरकत चालली होती. म्हणाली, "मास्तर, भिंतीतून तुमची प्रार्थना आयकू येते. देव कोनाले धाडते म्हून मी दाराकडंच पाहून राह्यली होती."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरंच वाट पाहत होती.

तुझं जाडं लुगडं तिच्यासाठी नेलं. तिच्या शेळीले पाणी पाजजो. संध्याकाळी मंडळी जमतील. पाळकसाहेबांना सांगजो, आज मले प्रार्थना चालवता येणार नाई. काऊन म्हणून कोणी विचारलं तर लपवू नको. सांगजो, देवानं माणूस कधीचाच शेजारी ठेवला होता, तोच उठत नव्हता.

शमुवेल