सोल्माचा उतार

दार्खान, ३ जून २००९

चि. नरा हिस,
अ. उ. आ.

दोन मजली खाटा चौदा, बाकं अकरा, अंगरख्यांच्या खुंट्या चाळीस (खालची रांग लहानांच्या हाताला येईल अशी), जेवणाची टेबलं सहा, चुलीपुढचा कठडा एक, आणि पुढच्या दाराशी लाकडी उतार एक. बालगृहात एवढं माझ्या हातचं आहे. कोणी शिकवलं नाही. रशियन गेले तेव्हा मागे राहिलेली खोकी उकलत उकलत शिकलो, हे तुला ठाऊकच आहे.

उताराबद्दल मुद्दाम लिहितो. तो सोल्मासाठी केला. नऊ वर्षांची आहे, पाय चालत नाहीत, तोंड मात्र दोघींइतकं चालतं. पायऱ्या सगळ्या मिळून चाळीस सेंटिमीटर उंच, म्हणून उताराची लांबी चार मीटर ऐंशी ठेवली. त्याहून आखूड केला तर तिचे हात पुरत नाहीत, मी मोजून पाहिलंय. आता चाकाची खुर्ची ढकलत दिवसातून वीसदा बाहेर जाते नि आत येते. कोणाला हाक मारत नाही.

आता ऐक. तुझ्या इंचनची ती सेवेकरी मंडळी यंदाही दहा दिवसांसाठी येताहेत. गेल्या साली त्यांनी मुलांना खेळायला नमद्यांचा गोल तंबू, गेर, उभारला आणि त्याचं दार उत्तरेला केलं! का, तर रस्ता तिकडे, फलकासकट फोटो छान येतो. वाऱ्याच्या तोंडात दार! ते विमानात बसले आणि आम्ही सात जणांनी तो गेर सोडून, नमदे उतरवून, दक्षिणेला फिरवला. कोणी विचारलं नाही, आम्हीही बोललो नाही. ती चूक आमची.

यंदा काय बांधणार, तर उतार. कुठे? पुढच्या दाराशी! दुलमाबाईंनी, म्हणजे आमच्या संचालिकेनं, नकाशा दाखवला तेव्हा मला आधी हसूच आलं. तू त्यांच्याच कचेरीत स्वयंपाक करतेस, तर सांग त्यांना की तो उतार झालाय. मागे संडासाला दोन पायऱ्या आहेत, तिथे सोल्माला अजून उचलून न्यावं लागतं आणि ती लाजेनं पाणी पीत नाही. हात तिथे लावा म्हणावं.

तब्येत सांभाळ. माया आहेच, ती पत्रागणिक वाढती ठेव.

तुझा दादा,
गाल्दान

इंचन, १६ जून २००९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तुझा आवाज ऐकू आला, भांडी हलली. सांगितलं बरं का मी. त्यांचे प्रमुख छ्वे साहेब सूप पीत होते, तेव्हाच सांगितलं.

ते म्हणाले, मागचा संडास फोटोत कसा दाखवायचा? देणगीदारांना पुढच्या पायऱ्यांचं जुनं चित्र आधीच पाठवलंय, आता उतार झालाच आहे असं कोणत्या तोंडानं सांगू? तेव्हा तुझ्या भावानं आपला उतार काढून ठेवावा, पोरं नवा बांधतील, आणि त्या बदल्यात आम्ही त्याला पैसे देऊ. आकडा तिथे येऊन सांगणार आहेत.

आणि दादा, ओरडू नकोस, मी हो म्हणून आले. माझा कामाचा करार ऑगस्टात संपतो, सही त्यांचीच लागते. लाकूडच आहे ना ते? ते गेले की परत बसव. सोल्माला दहा दिवस कोणीतरी उचलेल. तू तर बाबांच्या अंत्यविधीलाही त्यांच्या खोगिराचा खिळा वाकडा आहे म्हणून वाद घातलास. या वेळेला एकदा वाकडं चालू दे, माझ्यासाठी.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
नरा

दार्खान, ९ जुलै २००९

चि. नरा हिस,
अ. उ. आ.

खोगिराचा खिळा वाकडाच होता.

तुझे छ्वे साहेब आले. बरोबर अठरा पोरं, सगळ्यांचे हातमोजे कोरे. दुभाष्याकडून म्हणाले, बहिणीनं कळवलंय ना, मग अजून हे इथे कसं? मी उतारावरच बसलो होतो. म्हटलं, जिच्यासाठी केलाय तिला विचारा, मी नुसता सुतार.

सोल्मा आतून आली, मी बाजूला झालो, ती उतरली, अंगणात वळली आणि एकटीनं परत वर चढली. मग विचारते, दहा दिवस मला उचलणार कोण, तुम्ही का? माझं वजन सव्वीस किलो आहे, संडासला दिवसातून पाचदा जाते, पाहुणे आले की जास्त. दुभाषी बाई अडखळली, पण तिनं सगळं सांगितलं.

नरा, संताप कशाचा येतो सांगू? पोरीला उंबऱ्याच्या आत अडकवायचं आणि मग सोडवताना फोटो काढायचा, याला मदत म्हणायचं? आणि ते तुला सूप वाढताना ऐकावं लागलं!

पोरांवर माझा राग नाही. त्यांतली युजिन नावाची मुलगी हातमोजे काढून म्हणाली, संडास दाखवा. पाठोपाठ बाकीची आली. साहेब फलक घेऊन पुढेच उभे राहिले. मागचा उतार सहा दिवसांत झाला. दोनदा खिळे उपटायला लावले, पोरांनी उपटले. कुरकुरली, पण उपटले. सोल्मा आता पोटभर चहा पिते.

तू माझ्या नावानं दिलेला शब्द मी मोडला. तुझ्या सहीचं काय होईल ते होईल. काम गेलं तर ये निघून. खोली तयार आहे, खुंट्या तुझ्या उंचीच्या लावल्यात. माझ्यावर रुसलीस तरी खुशालीच्या चार ओळी लिहीत जा, मायेला तेवढं पुरतं.

तुझा दादा,
गाल्दान

ता. क. आकडा तू विचारशीलच. जाताना छ्वे साहेबांनी मला गाडीमागे बोलावलं. आता तरी पुढचा उतार एका दुपारपुरता उचल, पोरं हातोडे घेऊन पायऱ्यांवर उभी राहतील, फोटो झाला की परत ठेव, आणि नराच्या करारावर इथेच सही करतो, म्हणाले. वर पंधरा लाख तुग्रुग, पाकिटात. मी नाही म्हणालो.