फिन्टनच्या घरगुती गोळ्या आणि माझा अहवाल

ती. सौ. सुरेखामावशीस,

सिटीवेस्टहून सलीलचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का, काकांची साखर ताब्यात आहे का, आणि चिंचवडच्या त्या नव्या शेजाऱ्यांशी तू बोलायला लागलीस की अजून त्यांच्या चपलांवरूनच त्यांची पारख चालू आहे, ते सविस्तर कळव. पत्र कागदावर लिहितोय, कारण व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तू ते स्वतः वाचायच्या आधी 'आपली माणसं' ग्रुपवर ढकलतेस आणि मग बेळगावचा रवींद्र फोन करून मला योगासनं सुचवतो. माझी तब्येत उत्तम आहे. पद्मजा आणि मी वेगळे झाल्यापासून तू दर फोनला विचारतेस, म्हणून सांगतो, जेवतो वेळेवर. काळजी करण्यासारखं काहीही नाही. मी बंदूक चालवायला शिकलो आहे.

(काकांना हाक मारू नकोस. आधी पुढचं वाच.) त्याचं असं झालं, की शुक्रवारी ऑफिसातून निघताना सगळे मला छान वीकेंडच्या शुभेच्छा देतात, आणि मग सोमवारपर्यंत माझ्याशी फक्त लुआस ट्रामचं तिकिटाचं मशीन बोलतं. एका सोमवारी मीटिंगमध्ये तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. दोन दिवस वापरलाच नव्हता. ऑफिसातली माणसं म्हणाली, एखादा क्लब धर. फुटबॉलला गुडघे नाहीत, गाण्याला गळा नाही. राहिली ती डोंगराच्या पायथ्याची नेमबाजी. तिथे पोटावर पडून गप्प राहायचं असतं आणि या दोन्हींची मला घरी भरपूर सवय झाली होती. परवाना, कुलूपबंद कपाट, पोलिसांची चौकशी सगळं रीतसर आहे. निशाणा पुठ्ठ्यावर धरायचा असतो आणि पुठ्ठा बहुतेक वेळा सुखरूप घरी जातो.

तिथे फिन्टन भेटला. शेजारच्या टॅला गावचा राहणारा, भूगोलाचा निवृत्त आयरिश मास्तर. त्याच्याकडे जुन्या धाटणीची बंदूक आहे, तिला शिशाची गोल गोळी लागते. ही गोळी दुकानात डब्यातून विकत मिळते, नाहीतर शिसं वितळवून साच्यात ओतून घरीही करता येते. फिन्टन घरी करतो. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, दार सताड उघडं ठेवून, डोळ्यांवर चष्मा चढवून. पहिल्याच भेटीत मला म्हणाला, शनिवारी ये, हाताखाली कोणी असलं तर बरं पडतं. तेव्हापासून दर शनिवारी मी हाताखाली. तो ओतायचा, मी निवडायचो. वाकडी निघाली की परत भांड्यात. मग कोपरापर्यंत हात धुवायचे (यावर तो तुझ्याइतकाच कडक आहे) आणि घरात जाऊन चहा. चहा घेणार का म्हटलं की मी सवयीने नको म्हणायचो, पुन्हा विचारलं की पुन्हा नको, आणि तो काही न ऐकल्यासारखा कप भरायचा. मावशी, इथल्या लोकांतही दोनदा नको म्हणायची रीत आहे, हे मला आठ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसात एकदा नको म्हटलं की चहा गेला.

एका शनिवारी तो सहज बोलून गेला, या आपल्या गोळ्या दुकानातल्यांच्या तोडीच्या आहेत की नाही कोण जाणे. आता हे त्याने कोणासमोर म्हणावं? हृदयात बसवायच्या नळ्या तपासून त्यातल्या नापास करायच्या, यासाठी ज्याला पगार मिळतो त्याच्यासमोर. मी त्याच्या गोळ्या तोलल्या, मोजल्या, दुकानातल्या आणून त्याही मोजल्या, दोन्ही एकाच बंदुकीतून झाडून पुठ्ठ्यावरची भोकं आलेखात मांडली. माझा आठवडा इतका आनंदात कधी गेला नव्हता. क्लबच्या वार्षिक चहापानाला पत्र्याच्या खोलीत मी प्रोजेक्टर लावून अहवाल सादर केला. शेवटच्या स्लाइडवर लाल अक्षरांत निष्कर्ष होता, घरगुती गोळी नापास. टाळ्या पडल्या. फिन्टन 'ग्रँड' म्हणाला, पाठ थोपटली, आणि माझ्यासाठी केकचा मोठा तुकडा राखून ठेवला. मला वाटलं, गडी खूश आहे.

पुढच्या शुक्रवारी त्याचा निरोप आला. दुकानातल्याच बऱ्या म्हणतोस तर आता त्याच आणीन, तुझा शनिवार मोकळा झाला. अगदी तर्कशुद्ध निरोप. त्यात नापास करण्यासारखं मला काही सापडलं नाही. शनिवारी मी घर झाडलं, मग पुन्हा झाडलं.

क्लबची सेक्रेटरी ब्रीजबाई (आपल्या सोसायटीच्या चिटणीसबाईंसारखी, फक्त जास्त हसरी) तिला मी हे सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अरे, युअर मॅन (इथल्या बोलीत 'तो गडी', म्हणजे फिन्टन) कित्येक वर्षं दुकानातल्याच गोळ्या झाडतो. घरच्या गोळ्या वाकड्या जातात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यालाही. बाकाखाली बिस्किटांचे डबे भरून पडल्यात त्या. बायको गेल्यापासून शनिवारी घरात बसवत नाही, म्हणून तो शेडमध्ये ओतत बसतो. मग मला आठवलं, पहिल्या दिवशी त्याने दुसऱ्या स्टुलावरचं एक जड खोकं उचलून खाली ठेवलं होतं, मला बसायला. मावशी, मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझं स्वतःचंच जास्त वाईट वाटलं.

असो. बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
सलील

ता. क. १ : दिवाळीचा फराळ पाठवू का म्हणून तू विचारलंस तेव्हा मी नको म्हणालो, इथे दुकानात चकलीचं पाकीट मिळतं, सगळ्या एका मापाच्या असतात. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हाही नको म्हणालो. तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस. तरी पाठव. काका सोऱ्या फिरवतात तेव्हा ज्यांना शेपट्या येतात, त्याही घाल.

ता. क. २ : डबे दोन कर. फिन्टनकडे रिकाम्या हाताने जाता येणार नाही.

ता. क. ३ : घरात स्टॅम्प नव्हता म्हणून पाकीट उघडंच राहिलं होतं. आज शनिवार. मला काही धीर निघाला नाही, दुकानातलं चकलीचं पाकीट घेऊन फिन्टनच्या शेडवर गेलो. स्टुलावर खोकं पुन्हा चढलेलं होतं. मी दारातच उभा. त्याने चकली उलटीपालटी करून पाहिली, एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "दुकानातली ना?" मी हो म्हणालो. उरलेलं पाकीट त्याने माझ्या हातात परत दिलं आणि खोकं उचलून खाली ठेवलं. मावशी, भाजणी आजच दळायला टाक.