चुलीचे तीन दगड

नागपूर, १९६२

याडी, माहे माय,

भाऊ रामसिंग हे वाचून दाखवीन, तवा तुह्या पायावर माहं डोकं टेकलं असं समज. मी बरा आहो. तुहा गुडघा कसा हाय?

रझाकारीत पैनगंगा ओलांडून आलेले लोक कुठं राह्यलते, ते सरकार उमरखेडाकडे शोधून राह्यलं म्हणते. तिथं त्याइच्या आठवणीची बाग करनार. चौदा वर्सांनी आठवण काहून आली? मले तं वाटते, आपलं वावरच बागेत जाईन.

सरकारचा साहेब आला तं तू त्याले भाकर वाढशीन, अन् भाकरीसंगं सारं सांगशीन. सांगू नको. आपल्या वावरात राह्यलेल्या त्या लोकाइच्या चुलीचे तीन दगड अजून तिथंच हायेत, तू अजून त्यावरून नांगर जाऊ देत नाही. रामसिंग, साहेब यायच्या पहिले ते दगड नदीत टाक.

नको, टाकू नको. कडब्यानं झाकून ठेव.

तुहा पोरगा,
प्रेमसिंग